आईच्या वाटेवरचे तीन कॅमेरे

माणसाचा डोळा हा अत्यंत बेभरवशाचा अवयव आहे. तो मिटतो, भरून येतो, झोपतो, आणि घरातल्या माणसाकडे तर वळतही नाही. झाडाला बांधलेल्या, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात यातला एकही दोष नाही. म्हणून अमेरिकेतल्या उत्तर विस्कॉन्सिनच्या रानातला शहाणा शिकारी हल्ली स्वतः काही बघत नाही, कॅमेऱ्याने बघितलेलं बघतो. रान जिथल्या तिथे राहतं, शिकारी कोचावर राहतो, आणि दोघांनाही सर्दी होत नाही.

ऑरिन ब्रँडवोल्ड हा मागासलेल्या काळातला माणूस. पहाटे उठायचा, दलदलीकाठच्या आपल्या लाकडी मचाणावर जाऊन बसायचा, आणि हरीण समोर आलं की मगच ते आलं असं धरून चालायचा. (आधी कळायची काही सोयच नव्हती. तरी त्या घरात एकाही हिवाळ्यात मांस कमी पडलं नाही, याला योगायोग म्हणतात.) तो गेला, आणि मचाण कुणाचं हा प्रश्न उभा राहिला. दावेदार तिघे: थोरला मर्ल, धाकटा ड्वेन आणि जावई लाइल. जमीन मात्र त्याच्या बायकोच्या, आर्विलाच्या नावावर, आणि जमिनीत रोवलेलं मचाणही ओघाने तिचंच. आर्विलाची शाळा आठवीत सुटली. जिभेला मात्र तेव्हापासून एक दिवसाची सुटी मिळालेली नाही.

तिने जाहीर केलं की बंदुकीच्या शिकारीचा सरकारी हंगाम ज्या शनिवारी सुरू होतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी ती निकाल देईल. तोवर रान कोण जास्त ओळखतो ते तिघांनी दाखवावं.

"ओळखणं म्हणजे काय, ते तरी सांग," मर्ल म्हणाला.

"तुझ्या बापाला विचारायला हवं होतंस. आता उशीर झाला."

तेव्हा तिघांनी एकेक कॅमेरा आणला.

मर्लचा कॅमेरा हुबेहूब झाडाच्या सालीसारखा रंगवलेला होता. ही कारागिरी इतकी अव्वल की ऑगस्टात मर्लने तो दलदलीकडे कुठेतरी बांधला आणि पुन्हा त्याला तो सापडलाच नाही. (यावरून माल किती उत्तम होता ते कळतं. मर्लने लगेच तसलाच दुसरा घेतला.) पहिला कॅमेरा बिचारा इमानी, कुठूनतरी मर्लच्या फोनवर चित्रं पाठवत राही. सगळी हलत्या पानांची. पानं गळाली तशी चित्रंही थांबली. ड्वेनचा कॅमेरा अंधारात न चमकता फोटो काढी. लाइलच्या कॅमेऱ्याला तर अक्कल होती: काढलेल्या प्रत्येक फोटोखाली तो आतलं जनावर कोणतं ते लिहून पाठवी.

आता कोणता कॅमेरा सरस हे ठरवायचं, तर फोटो समोरासमोर ठेवायला हवेत. इथे एक शास्त्रीय अडचण आली. फोटोत नुसतं हरीण येत नाही, हरणामागचं झाडही येतं. आणि झाड दिसलं की जागा कळते. त्या रानात दहा टोकांच्या शिंगांचा एक नर होता, त्याला सगळे जनरल म्हणत. आपल्याला जनरल कुठे दिसला हे सख्ख्या भावालाही सांगायचं नाही, एवढा एकच धर्म त्या मुलखात कसोशीने पाळला जातो. सबब तिघांच्या तुलना समितीच्या पहिल्या बैठकीत एकही फोटो दाखवण्यात आला नाही. सदस्यांनी आपापल्या फोटोंचं तोंडी वर्णन केलं. दुसऱ्या बैठकीत मागची बाजू कापलेले फोटो मान्य झाले, त्यांत मर्लने एक कान आणला आणि ड्वेनने एक गुडघा. दोन्ही फार स्पष्ट होते. कान जनरलचा असेल, असं सर्वानुमते ठरलं. गुडघ्याबाबत मतभेद राहिले.

तिसऱ्या बैठकीत लाइलने तोड काढली. तिन्ही कॅमेरे एकाच झाडाला, एकाच दिशेने बांधावेत. म्हणजे लपवायला काही उरणार नाही. पण समोरून रोज, न चुकता, ठरलेल्या वाटेने जाणारं जनावर हवं. हरीण येईलच असं नाही. अस्वल झोपायला जाईल. खार फार चपळ. पुष्कळ विचारानंतर समितीला असं एकच जनावर आढळलं.

त्याच दुपारी आर्विलाच्या अंगणातल्या मेपलच्या झाडाला तीन कॅमेरे बांधले गेले. तोंड सैंपाकघराचं दार आणि लाकडांचा ढीग यांमधल्या वाटेकडे.

त्या घराची सगळी ऊब लाकडावर. ओंडके ऑरिन असताना आणलेले, फोडायचे तेवढे राहून गेलेले. तिघांनीही ते फोडून द्यायचं कबूल केलं होतं, आणि तिघेही शब्दाचे पक्के असल्यामुळे ते कबूल करणं अजून चालूच होतं. तोवर आर्विला रोज चार फोडायची आणि कवेत भरून आत न्यायची.

समितीचा अभ्यास मात्र वाखाणण्याजोगा. सदर प्राणी सकाळी रिकामा जातो व ओझ्यासह परततो. सदर प्राणी दुपारी कुऱ्हाडीसह आढळतो. सदर प्राणी मधूनच थांबतो, कमरेवर हात ठेवतो, मेपलकडे बघतो व काहीतरी पुटपुटतो (आवाजाची सोय तिन्ही कॅमेऱ्यांत नसल्याने नोंद नाही). एकंदर चित्रांपैकी शंभरात ऐंशी आई, बारा वारा, सहा खारी. उरलेली दोन बॅटरी बदलताना आलेली. ड्वेनच्या कॅमेऱ्यात कुऱ्हाडीचं पातं लखलखीत यायचं, मर्लच्यात हात पुसट यायचे. हात फार जोरात चालतात, थोडे हळू चालले तर बरं, असा निरोप मर्लने बायकोकरवी आईला धाडला.

लाइलच्या अक्कलवाल्या कॅमेऱ्याने पहिल्या आठवड्यात आर्विलाला हरीण म्हटलं, मादी. हातगाडी ढकलत होती तेव्हा वाहन म्हटलं. नंतर नुसतंच 'इतर' म्हणू लागला.

"हरीण ठीक आहे," ती लेकीला फोनवर म्हणाली. "वाहनही ठीक, ओझी वाहतेच आहे मी. पण इतर? आपल्याच अंगणात इतर? सांग तुझ्या नवऱ्याला."

असं असलं तरी या घराण्यातल्या पुरुषांनी तिच्याकडे एवढं लक्ष पूर्वी कधी दिलं नव्हतं, हे तिलाही मान्य करावं लागलं. ऑरिनने लग्नात एकदा नीट पाहिलं होतं, तेही पाद्रीबाबांनी पाहा म्हटल्यावर.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडून गोठला, आणि सदर प्राणी लाकडांसकट घसरून पडला. तुलनेच्या दृष्टीने ही मोठीच पर्वणी. मर्लच्या कॅमेऱ्यात आई उभी आणि पुढच्या चित्रात आई आडवी, मधलं काहीच नाही. ड्वेनच्यात फक्त लाकडं, हवेत. लाइलच्या कॅमेऱ्याने मात्र सगळा प्रसंग टप्प्याटप्प्याने टिपला: पाय सुटला, लाकडं उडाली, टोपी उडाली, आई टेकली. खाली लिहिलं होतं, पक्षी.

तिघांची फोनवर दीर्घ चर्चा झाली. तिच्याशी कुणीतरी बोललं असेल असं प्रत्येकाने उरलेल्या दोघांबद्दल गृहीत धरलं. घरच्यांवर विश्वास असावा तो असा. आर्विला आपली आपण उठली, लाकडं वेचली, टोपी झटकली आणि गुडघ्याला गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी लावून बसली.

निकालाच्या आधीच्या शुक्रवारी, गावात दर आठवड्याला होणाऱ्या तळलेल्या माशांच्या जेवणाला ती गेली, तर शेजारीण व्हर्ना टेबलापाशी येऊन म्हणाली, "अगं, तुझं पडणं पाहिलं मी. लाइलच्या फोनात फार सुरेख आलंय. टोपी तर काय उडालीये!"

"गुडघा कसा आहे, हे पण विचार की."

"तो दिसत नाही गं फोटोत."

निकालाची संध्याकाळ आली. आर्विलाने हरणाचं जुनं सॉसेज, जंगली तांदूळ आणि भोपळ्याच्या वड्या मांडल्या, तिघांना टीव्हीसमोर बसवलं आणि म्हणाली, सगळे फोटो दाखवा, पडद्यावर, मोठे. दाखवले. आई जाते, आई येते, आई फोडते, आई पडते. समिती मधूनमधून रंगांबद्दल बोलत होती. एका फोटोपाशी तिने हात वर केला.

लाइल बॅटरी बदलत होता तेव्हाचा फोटो. निम्म्या पडद्यावर त्याची नाकपुडी. आणि नाकपुडीच्या पलीकडे, कानामागे, बोटाएवढी आर्विला. कवेत लाकडं.

"जावईबापू, या चित्रात मागे कोण आहे?"

लाइलने वाकून पाहिलं. "तुम्ही आहात, आई."

"आणि त्या दिवशी तुमच्या मागे कोण होतं?"

लाइलने वडी खाली ठेवली. मर्लने घाईघाईने बॅटरीचा विषय काढला. त्याचेही असेच दोन फोटो निघाले. ड्वेनचे तीन.

आर्विलाला राग आला असावा, पण तो तिने सॉसेजसारखाच बारीक कापून वाढला. म्हणाली, शिकाऱ्याने जनावराची वाट, वेळ आणि खोड ओळखावी. तुम्ही माझी ओळखलीत, तेव्हा तिघेही पास. आता शिकारी जनावराच्या वाटेवर बसतो, ही रीत आहे. उद्या तिघे लाकडांच्या ढिगाशी. कुऱ्हाडी घासून ठेवल्यात. कॅमेरे राहू देत. मचाणावर मी जाते. ज्याच्या कॅमेऱ्याने उद्या सगळ्यांत चांगला फोटो काढला, मचाण त्याचं. शब्द म्हणजे शब्द.

"आणि जावईबापू, तुमचा फोन माझ्याकडे द्या."

सकाळी ती शिकाऱ्यांचा नारिंगी कोट घालून, ऑरिनची बंदूक आणि कॉफी घेऊन मचाणावर चढली. बर्फ, शांतता, उजेड फुटतोय. ऑरिन असता तर समोर बघत बसला असता. आर्विला शिकलेल्यांची आई, तिने फोन उघडला.

आणि काय सांगावं, बघण्यात खरोखरच गोडी आहे. मर्ल फोडतोय, खाली लिहिलंय, अस्वल. लाइल हातगाडी ढकलतोय, वाहन. ड्वेनची कुऱ्हाड ओंडक्यात अडकलीये, तो पाय लावून ओढतोय. कुऱ्हाड सुटली. ड्वेनही सुटला. पक्षी. आर्विला हसून हसून कोटाच्या बाहीने डोळे पुसू लागली, आणि दोन बोटांनी ड्वेनचा चेहरा मोठा करून पाहिला.

तिकडे ढिगापाशी मर्लचा फोन वाजला. हरवलेल्या कॅमेऱ्याला कित्येक दिवसांनी काहीतरी हलताना दिसलं होतं. गळालेल्या पानांमुळे समोरचं सगळं मोकळं झालेलं. चित्र असं: मधोमध जनरल, दहाही टोकं मोजून घ्यावीत इतका स्वच्छ, नाकातून वाफ निघतेय. मागे, बरोबर त्याच्या डोक्यावर, ऑरिनचं मचाण. आणि मचाणात नारिंगी कोटातली आई, फोनात मान घालून, हसतेय.

पोरं मचाणाखाली येऊन पोचली तेव्हा रानात फक्त खुरांचे ठसे होते. मर्लने फोन वर धरला. आर्विलाने चित्र पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"फोटो चांगला आलाय," ती म्हणाली. "मचाण तुझं."

घरी येऊन तिने आपला धरून चारही फोन पिठाच्या डब्यात घातले आणि डब्यावर इस्त्री ठेवली. संध्याकाळपर्यंत लाकडं छपरापर्यंत रचून झाली. दुसऱ्या दिवशी मर्ल रिकाम्या खिशाने मचाणावर बसला. जनरल आला की नाही ते त्यालाच ठाऊक. फोटो नाही, त्यामुळे पुरावा नाही.

तुम्ही म्हणाल, काय ही माणसं. खरं आहे. पण आर्विलाला तुम्हीही लाकडं फोडताना पाहिलंत, घसरताना पाहिलंत, टोपी उडाली तेव्हा तर जरा हसलातही. एका ढलपीला हात लावला नाहीत. असू दे, तुम्ही लांब होतात. पण आत्ता, हे वाचत बसला होतात तेवढ्यात, तुमच्या पाठीमागून कुणीतरी काहीतरी जड उचलून नेलं. वळून बघायची तसदी घेऊ नका. फोटोत आलं असेल.