चारशे सतरा नंबरचा मासा

"सोमवारी मी घरी म्हणजे घरी!" मोजणीदारांनी बायकोला फोनवर छातीठोकपणे जाहीर केलं. "माशांच्या तीस फेऱ्या झाल्या की सुट्टी. अगं, अठ्ठावीस झाल्या!"

गेले सात महिने ते या वीजधरणावर होते. भिंतीमुळे अडलेल्या माशांसाठी बाजूने पाण्याच्या पायऱ्या बांधल्या होत्या. मासे त्या खरंच चढतात का, हे मोजायचं काम त्यांचं. माशांच्या पोटात तांदळाएवढी चिप घालायची. सर्वांत वरच्या पायरीवरच्या चौकटीतून मासा गेला की ऑफिसातलं मशीन 'टिंग' करून त्याचा नंबर नोंदवायचं. फोनला रेंज मात्र त्या चौकटीवर बसलं तरच! म्हणून मोजणीदार रोज सहाला तिथे पाय सोडून बसत. लेक चालायला लागली होती. तिची पावलं त्यांनी फक्त फोनवर ऐकली होती.

ऑफिसात साहेब तर हवेत होते. "चारशे सतरा नंबर बघा! काय मासा आहे! रोज सहाला वर हजर!"

"जातिवंत आहे, साहेब," मोजणीदार अभिमानाने म्हणाले. मनातल्या मनात त्यांनी त्या माशाला दंडवत घातला. तोच त्यांना घरी पोचवणार होता!

शनिवारी साहेबांनी चार पाहुणे आणले. सगळे ऑफिसाच्या दारातच, पायऱ्यांच्या काचेला नाक लावून बसले. सहा वाजले. टिंग! पाण्यात कोणीच नाही. पुन्हा टिंग! साहेबांनी मान वर केली. चौकटीवर मोजणीदार, कानाला फोन, "बाबांना पापी दे, पापी!"

"मोजणीदार, खिसे दाखवा!"

जुन्या जाकिटाच्या शिवणीतून चारशे सतराची चिप निघाली. महिन्यापूर्वी चिप घालण्याआधीच मासा हातातून निसटला, तेव्हा घाईत खिशात टाकलेली! आधीच्या अठ्ठाविसातल्या पंचवीस फेऱ्या मोजणीदारांच्या, माशांच्या तीन.

"पाहुण्यांसमोर नाक कापलंत! आता पहिल्यापासून मोजा," साहेब म्हणाले. "सहा महिने."

फोन चालूच होता. "काय झालं हो?" बायकोने विचारलं.

"सोमवारचं रद्द. रोज वर येणारा मासा मीच निघालो."

पलीकडे ती इतकी हसली की त्यांनाही हसू फुटलं.

"रोज एवढं वर येता," ती हळूच म्हणाली, "मग तसेच पुढे या ना."

खालून साहेब ओरडले, "आधी उतरा तिथून! मशीन तुम्हालाच मोजतंय!"