सहा वाजले, घरी चला

कंपनीतले लोक एचआरच्या साहेबांना पाठीमागे ‘कोतवाल’ म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सकाळी दारात उभं राहून उशिरा येणाऱ्यांना पकडण्यात घालवली होती. मग वरून हुकूम आला, की माणसाला घरही असतं. सबब सहानंतर इमारतीत कोणी दिसता कामा नये, दिसलं तर जाब एचआरने द्यायचा. तेव्हापासून कोतवाल संध्याकाळी दारात उभे राहून उशिरा जाणाऱ्यांना हाकलू लागले. उशिरा येणाऱ्याला निदान लाज तरी वाटायची. उशिरा जाणारा उलट डोळे वटारायचा.

बाकीचे कसेबसे निघत. अडून बसायचे ते हिशेबनीस काका. त्यांची बायको नातवंड सांभाळायला मुलाकडे गेली ती तिकडेच रमली होती.

“काका, घरी जा हो,” कोतवाल रोज विनवायचे.

“घरी कोण आहे?”

“इथं तरी कोण आहे?”

“तुम्ही आहात की,” असं म्हणून काका पुन्हा संगणकात डोकं घालायचे.

काका उठेपर्यंत कोतवालांना हलता येत नसे. लेकीचं शाळेतलं नाटक असंच हुकलं. त्या दिवशी बायको भांडली नाही. तिने जेवण वाढलं आणि एवढंच म्हणाली, “अख्ख्या कंपनीला घरी पाठवता. एक माणूस तेवढा आमच्याकडेही पाठवा.”

हे कोतवालांच्या फार जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला त्यांनी काकांचा हात धरला आणि त्यांना सरळ आपल्याच घरी आणलं.

काका खुलले. त्यांनी मटार सोलले, लेकीची गणितं घेतली, दोनदा चहा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसभर सांगितलं, की साहेबांकडे पंखा चांगला आहे. त्या संध्याकाळी काकांबरोबर खरेदी विभागातल्या बाई आल्या. “एकच मेल टाकते हं, वहिनी,” म्हणत त्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मागोमाग एकाच खोलीत भाड्याने राहणारे दोन इंजिनिअर आले. कोतवालांना नाही म्हणवेना. बिचारी हाकललेली माणसं होती, आणि हाकललं होतं त्यांनीच. आठवडाभरात बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बायको स्वयंपाकघराचं दार लावून बसे. लेक न्हाणीघरात पाठांतर करी.

इकडे कंपनीची इमारत सहाला चिडीचूप. मोठे साहेब इतके खूश झाले, की एका संध्याकाळी अभिनंदन करायला थेट कोतवालांच्या घरी आले. दारातूनच त्यांना अर्धी कंपनी दिसली. नोकरी गेली, आता बायकोला काय सांगायचं, एवढंच कोतवालांच्या मनात आलं.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि सुस्कारा सोडला. “माझ्या घरी पाहुणे आलेत हो,” ते सोफ्याच्या कोपऱ्यात टेकत म्हणाले. “वायफायचा पासवर्ड काय आहे? सगळे आहेतच, तर छोटी मीटिंग उरकून घेऊ.”

कोतवाल पाणी आणायला आत गेले, तर स्वयंपाकघर रिकामं. न्हाणीघरही रिकामं. लेकीचं दप्तर जागेवर नाही. तेवढ्यात कंपनीच्या वॉचमनचा फोन आला.

“साहेब, वहिनी आणि ताई तुमच्या केबिनमध्ये येऊन बसल्यात. म्हणतात, इथं शांत आहे. काय करू?”

कोतवाल तसेच धावत सुटले. लेक त्यांच्या खुर्चीवर बसून पाय हलवत वाचत होती. समोर बायको डोळे मिटून बसली होती. कोतवालांनी तिसरी खुर्ची ओढली. “मोठे साहेब आपल्याकडे मीटिंग घेतायत,” त्यांनी सांगितलं. तिघं एका टेबलाशी शेवटची कधी बसली होती, ते त्यांना आठवेना.

दारात वॉचमन खाकरला. “साहेब, सहा वाजून गेलेत.”

“जरा बसू दे रे.”

“मी बसू दिलं असतं. पण जाब तुम्हालाच द्यावा लागेल.”

तिघं बाहेर पायरीवर आली. मागे कुलूप लागलं.

“आता कुठे?” बायकोने विचारलं.

“घरी,” कोतवाल म्हणाले.

“घरी नको, बाबा,” लेक म्हणाली. “घरी मीटिंग चालू आहे.”