महिन्याला एक सेकंद

भनपुरीच्या ट्रकतळावरून पाण्याच्या फवाऱ्यानं ट्रक धुवायचं मशीन आलं, तेव्हा ते बघायला चौबे कॉलनीतली ती तीन मजली इमारत अख्खी खाली उतरली. अंगणातल्या फरशीवर च्युइंगमचे काळेकुट्ट डाग होते दोनशे दहा, आणि मशीनवाल्या फिरतूला बाराच्या ठोक्याला परत निघायचं होतं.

"भैया, बारह तक हो जाएगा?" खालच्या मजल्यावरच्या ममतादीदींनी विचारलं.

"थांबा न, मोजून सांगतो," सेक्रेटरी शालिग्रामराव म्हणाले.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि शालिग्रामरावांची नागपूरहून इथं बदली झाली. त्याच दिवशी त्यांनी बायकोच्या, वनमालाबाईंच्या डोक्यावर हात ठेवून तंबाखूचा खर्रा सोडायची शपथ घेतली होती. तेव्हापासून तोंडाला चाळा म्हणून च्युइंगम. चघळलेलं कागदात गुंडाळून टाकतो, असं ते बायकोला सांगायचे. ते थेट बाल्कनीतून खाली जायचं, हे तिला कळू नये एवढीच आज त्यांची धडपड होती.

पण कुतूहल गप्प बसू देईल तर शप्पथ! कुठल्या डागाला किती सेकंद लागतात ते बघायला त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि वनमालाबाईंना वही घेऊन आकडे लिहायला बसवलं. पोरांनी कालच गेटजवळ टाकलेला डाग फटक्यासरशी उडाला. गेल्या दिवाळीत, म्हणजे दहा महिन्यांपूर्वी बसवलेल्या लाद्यांवरचा एकही डाग दहा सेकंदांच्या वर टिकेना.

"अरे वा! जितका जुना, तितका चिवट. महिन्याला एक सेकंद!" शालिग्रामराव हरखले. "लिही वनमाला, अकरा चाळीसला काम फत्ते."

"हव बाबूजी," म्हणत फिरतू त्यांच्याच बाल्कनीखाली सरकला. तिथं तर डागांची जत्रा होती. सगळ्यात चिवट डागानं छत्तीस सेकंद घेतले.

"छत्तीस महिने?" वनमालाबाईंनी वर बाल्कनीकडे पाहिलं. "तवाच तर आपण इथं आलो."

सगळे शालिग्रामरावांकडे बघायला लागले. पण गडी मोठा हुशार.

"हो, माह्येच हायेत!" ते छाती काढून म्हणाले. "चुकलं माहं. पण पाहा न, एकेक डाग म्हंजे खर्रा सोडल्याचा पुरावा हाय. तीन वर्षं शपथ पाळली मी!"

ममतादीदींना भरून आलं. फिरतूनंही मान डोलावली. बरोबर अकरा चाळीसला शेवटचा डाग निघाला.

वनमालाबाई मात्र वहीवर बोट फिरवत होत्या.

"अवो, आपल्या बाल्कनीखाली छत्तीसचा हाय, वीसचा हाय, सहाचा हाय. सहाच्या खालचा एकबी काहून नाही?"

"म्हंजे?"

"म्हंजे सहा महिन्यांपासून तोंडात काय हाय तुमच्या?"

शालिग्रामरावांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"फिरतू भैया, मशीन और कितनी देर है?" वनमालाबाईंनी विचारलं.

"बीस मिनट, दीदी."

"बहुत है." वनमालाबाईंनी वही मिटली आणि पदर खोचला. "या जी इकडे. आ करा."