विनाकारण नकाराची लक्षणे व उपचार

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका बाईने मुलांच्या सुट्टीच्या तोंडावर आपल्या सख्ख्या बहिणीला फोनवर 'नाही' असे उत्तर दिले. उत्तर स्पष्ट ऐकू आले होते. फोनमध्ये कोणताही बिघाड नव्हता, हे नंतरच्या कौटुंबिक चौकशीतही निष्पन्न झाले.

ही बाई भावंडांत शेवटची, म्हणून घरात तिला धाकटी म्हणत. या पदावरून वयोमानानुसार बढती मिळत नाही. धाकटी अविवाहित होती, तिचे घर स्वतःचे होते आणि त्या घरात एक खोली रिकामी होती. रिकामी खोली ही कोणत्याही कुटुंबात सार्वजनिक मालमत्ता असते. त्यामुळे दर सुट्टीत थोरल्या बहिणीचे जुळे आणि दादाची मुलगी तिच्याकडे राहायला येत. यासाठी धाकटीला विचारण्याची पद्धत नव्हती, कळवण्याची होती. तीही थेट नव्हे. आधी मुलांना सांगायचे, मुलांनी आनंदाने नाचायचे, आणि मग धाकटीला फोन करून त्या नाचाचे वर्णन ऐकवायचे.

"ऐकतेस ना गोंधळ? मावशीकडे जायचं म्हणून बॅगा भरून बसलेत दोघं," थोरली म्हणाली.

"या वेळी नाही, ताई. मी रजा घेतलीये."

"रजा पण घेतलीस? गुणाची गं माझी बाय!"

"मुलांसाठी नाही घेतली. मला घरी एकटीनं बसायचंय."

"म्हणजे कुठे जाणारेस?"

"कुठेच नाही."

"मग कुणी येणारे?"

"कुणी नाही."

"अगं मग?"

"मग काही नाही. बसणारे."

पलीकडचा नाच थांबला.

धाकटीची मागणी खरोखर एवढीच होती. प्रयोगशाळेत दिवसभर यंत्रे घुमतात. घरी आल्यावरही तो आवाज कानात राहतो, आणि तो जायला लागेपर्यंत सकाळ होते. एक आठवडा काहीही ऐकू येऊ नये, म्हणून तिने बऱ्याच वर्षांनी रजा मागितली होती, आणि पाय लांब करता येतील अशी एक आरामखुर्चीही आणून ठेवली होती. शिवाय, पाण्यात जंतू आढळले नाहीत असे अहवाल ती रोज देत असे. का आढळले नाहीत, असे आजवर कोणी विचारले नव्हते. त्यामुळे 'नाही' हे पूर्ण उत्तर असते, अशी तिची प्रामाणिक समजूत झाली होती. विज्ञान शिकण्याचे असे काही तोटे असतात.

नातेवाइकांची रीत वेगळी होती. तिथे नकाराला कारण लागे, आणि मान्यताप्राप्त कारणे मोजकीच होती: नवरा, सासू, स्वतःची मुले किंवा शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेतही टाके पडावे लागत.

"सासू आलीये म्हणून सांगायचं," प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने सुचवले.

"मला सासू नाही."

"मग ताप आलाय म्हण."

"आलेला नाही."

"तू ना, अशीच मरशील," मैत्रीण म्हणाली आणि काचेच्या पट्ट्या धुवायला निघून गेली.

संध्याकाळी दादा प्रत्यक्ष पाहणीसाठी आला. त्याने स्वयंपाकघर पाहिले, रिकाम्या खोलीत डोकावला, आरामखुर्ची दाबून बघितली.

"कशासाठी ही?"

"बसायला."

"एकटीला?"

"खुर्चीच आहे, दादा. सोफा नाही."

"हे बघ, ताईचं काही चुकलं असेल तर सांग. माझं चुकलं असेल तर सांग. वहिनीचं चुकलं असेल तर आमच्या घरी सांगू नकोस, फक्त मला सांग."

"कुणाचंच काही चुकलेलं नाही."

दादा घाबरला. ज्याच्या मुळाशी भांडण नाही असा नकार त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. घरी जाताच त्याने चुलतभावाला फोन लावला. चुलतभाऊ दंतवैद्य होता. घराण्यात डॉक्टर तो एकटाच, म्हणून गुडघ्यापासून काळजापर्यंतची सगळी दुखणी त्याच्याकडे जात. त्याने दादाला बोलावून घेतले आणि धाकटीला व्हिडिओवर तपासले.

"आ कर. अजून. हिरड्या चांगल्या आहेत. बरं, मुलं आवडत नाहीत का तुला?"

"आवडतात."

"मग नाही का म्हणालीस?"

"आवडणं आणि सांभाळणं या वेगळ्या गोष्टी आहेत."

"वाक्यं मोठी होताहेत," दंतवैद्याने बाजूला बसलेल्या दादाला हळूच सांगितले. मग त्याने निदान केले. कारण असताना नकार देणे हा स्वभाव. कारण नसताना नकार देणे हे लक्षण. रुग्ण एकटे राहण्याची इच्छा वारंवार बोलून दाखवत असल्याने तिला कोणत्याही परिस्थितीत एकटे ठेवू नये.

आता प्रश्न सोबतीचा होता. थोरली आणि तिचा नवरा सहलीला निघाले होते. तिकिटे परत होत नव्हती. दादाकडे फरशी बदलायची होती, आणि गवंडी एकदा हातातून गेला की गेला. आईला दादाच्या गवंड्यावर लक्ष ठेवायचे होते. घरातली मोकळी माणसे कोण याचा शोध घेतला, तेव्हा ती तीनच निघाली.

दुसऱ्या दिवशी जुळे आणि दादाची मुलगी बॅगा घेऊन दारात उभी राहिली.

"तुला काहीही करायचं नाहीये हं," थोरली फोनवर म्हणाली. "तू त्यांना सांभाळायचं नाहीस. ती तुला सांभाळतील."

मुलांनी काम मनावर घेतले. जुळ्यांपैकी एक खुर्चीत बसला, कारण रुग्णाने पडून राहायचे असते. दुसरा तिच्या पायाशी ढोल वाजवू लागला, कारण तिला एकटे वाटता कामा नये. दादाची मुलगी वर्गात मॉनिटर होती, म्हणून तिला सगळे मॉनिटरच म्हणत. घरी फोन करून प्रकृतीची माहिती देणे तिच्याकडे आले. "आत्या जेवण करत नाहीये," असे तिने कळवले, की तब्येत ढासळली म्हणून आईचा रडवेला फोन येई. "आत्यानं आम्हाला बटाटे तळून दिले," असे कळवले, की सगळ्यांच्या जिवात जीव येई. ढोल बंद करायला सांगणे हा चिडचिडेपणा ठरला, बागेत नेणे ही सुधारणा. झोपाळ्यावर आळीपाळीने झोके देणे ही लक्षणीय सुधारणा. बरे असल्याचे सिद्ध करायला धाकटी राबत राहिली.

एका दुपारी जुळ्यांचा डोळा लागला. मॉनिटर धाकटीजवळ येऊन बसली.

"आत्या, तुला नक्की काय झालंय?"

"काही नाही गं. मला एकटं बसायचं होतं."

"मग तसं सांगायचं ना."

"सांगितलं."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

मॉनिटरने बराच विचार केला. "मलापण कधीकधी बसायचं असतं. पण मी लहान आहे, माझं कोण ऐकणार? तू तर मोठी आहेस."

मॉनिटर उठली, आतल्या खोलीत गेली आणि तिने वडिलांना फोन केला. "बाबा, आत्या आजारी नाहीये. तिला फक्त एकटं बसायचंय."

"बघ! अजून तेच बोलते," दादा काळजीने म्हणाला. "बाळा, तुम्ही आणखी थोडे दिवस राहा."

धाकटीची रजा संपली, तेव्हा मुलांचा मुक्काम वाढवण्यात आलेला होता. पुढे दंतवैद्याने ती बरी झाल्याचे जाहीर केले आणि हा उपचार चार लोकांत सांगितला. नातवंडांना नाही म्हणणाऱ्या एका निवृत्त चित्रकलाशिक्षकाकडे लगेच चार नातवंडे रवाना झाली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी आपली दोन मुले धाकटीकडेच पाठवली. आजार उलटू नये, एवढाच हेतू. गावभर मागणी इतकी वाढली की सोबतीला मुले मिळेनात, आणि शेजाऱ्यांची मागून आणावी लागली. आपली मुले नेमकी कुणाला बरे करायला गेली आहेत, हे काही आईवडिलांना आठवेनासे झाले. त्यांची प्रकृती मात्र फार सुधारली.

पुढच्या सुट्टीआधी थोरलीने जपून फोन केला. "कशी आहेस? मुलं येऊ देत ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

थोरलीला भरून आले. बहीण पूर्ववत झाली होती.

आता तुम्हाला धाकटीची दया आली असेल, आणि तिच्या घरच्यांचा रागही. साहजिक आहे. पण एक शंका आहे. ही कथा तुम्ही पहिल्या ओळीपासून इथपर्यंत सलग वाचलीत. मध्ये कुणी बाही ओढली नाही, कुणाचे भांडण सोडवायला उठावे लागले नाही, घरात काही फुटल्याचा आवाज आला नाही. तुम्हाला मुले नसतील, तर कृपा करून आज फोन उचलू नका.

आणि असतील, तर ती आत्ता कुणाकडे आहेत?