इंजिनेर तुन्योली यांनी खड्ड्याकाठी जागा मिळविली त्याची हकीकत

पृथ्वीवर पराक्रमी पुरुष बहुत जाहले. कोणी समुद्र ओलांडोन मुलूख घेतले, कोणी अभेद्य गड सर केले, कोणी दोन पातशाह्यांस एकाच दिवशी पाणी पाजिले; त्यांचे पोवाडे जागजागी आहेत. परंतु वय सदुसष्ट, डावा गुडघा कुरकुरता, आणि बायकोने नवाच्या ठोक्यास घराबाहेर घातलेला, ऐसा एकटा पुरुष, संगे फौज नाही, निशाण नाही, ऐशा अवस्थेत निघोन बोलोन्या शहरी नळाच्या खड्ड्याकाठी उभे राहावयास जागा मिळविता जाहला, ऐसे पूर्वी घडले नाही. सबब हे वर्तमान कमीजास्त न करिता लिहिले असे. कमी केले असेल तर ते गुडघ्याविषयी.

राजमान्य राजेश्री एर्मेते तुन्योली यांचा जन्म बूद्रिओ गावी, सायकली दुरुस्त करणाराचे घरी. लहानपणीच बापाचे दुकानी पाने आकारमानाप्रमाणे लावोन ठेविले, आणि बापास हवा तो पाना तीन दिवस सापडला नाही, येथोनच थोरपणाची लक्षणे दिसो लागली. मग विद्या संपादोन इंजिनेर हा किताब मिळविला, आणि लिमलेटच्या गोळ्या कागदात गुंडाळण्याची यंत्रे जेथे होतात त्या कारखान्यात नकाशे काढावयास राहिले, आणि तेथोन खात्याचे सरदार, आणि सरदाराचे दिवाण, आणि अखेर कुलमुखत्यार जाहले. त्यांचे कारकिर्दीचे आरंभी यंत्र मिनिटास तीनशे गोळ्या गुंडाळीत असे. अखेरीस बाराशे गुंडाळो लागले. बावीस वर्षे त्यांचे शब्दावाचोन कारखान्यात खिडकी उघडली नाही. नऊशे माणूस रोज विचारी, "इंजिनेरसाहेब, काय करायचं?" आणि ते सांगत, आणि तैसेच होई.

मग वयोमानपरत्वे कारभार उतरविला. निरोपाचा दरबार भरला, रश्शातील तोर्तेल्लीनी, म्हणजे मांस भरलेल्या चिमुकल्या करंज्या, जाहल्या, तीन भाषणे जाहली, एक लेखणी नजर केली. आणि पुढील सोमवारी इंजिनेरसाहेब पहाटे सहास उठोन, गळपट्टा बांधोन, स्वयंपाकघरात येऊन बसले.

तेथे अनर्थ जाहला. लोरेदानाबाई, त्यांचे कुटुंब, चाळीस वर्षे त्या मुलखाच्या एकछत्री धनीण. साहेबांनी पहिले आठवड्यात बरण्या खपाप्रमाणे लाविल्या, दुसरे आठवड्यात त्यांजवर क्रमांक घातले, आणि चौथे सोमवारी घड्याळ घेऊन चुलीपाशी उभे राहोन मसलत दिली की मांसाचा रस्सा चार तास शिजविण्याचे कारण काय, झाकणाचे वजन वाढविल्यास अडीच तासांत काम होते. बाईंनी डाव खाली ठेविला आणि फर्मान काढिले ते येणेप्रमाणे:

"एर्मेते, उद्यापासून नऊ ते बारा तुम्ही मला या घरात दिसायचं नाही. कुठंही जा. शनिवारपर्यंत स्वतःची सोय बघा, नाहीतर माझ्या बहिणीच्या नाचाच्या वर्गात नाव घालते तुमचं. त्यांना पुरुष कमीच पडतात."

साहेबांनी अर्ज केला की आपला गुडघा. बाई म्हणाल्या, "वॉल्ट्झ नाचायला दोन माणसं लागतात, दोघांत मिळून तीन गुडघे धड असले की झालं."

नाचाचे भय होतेच. परंतु खरे शल्य निराळे होते, ते बाईंसही सांगितले नाही. एकवीस दिवस जाहले, "इंजिनेरसाहेब, तुम्हाला काय वाटतं?" ऐसे एका जीवाने विचारिले नव्हते. रोटीवाल्याने सोमवारी विचारिले, परंतु ते हवेविषयी.

मग मंगळवारी नवास स्वारी बाहेर पडली, आणि दोन गल्ल्या ओलांडितां पालिकेने पाण्याचा नळ बदलावयास खणलेला खड्डा दृष्टीस पडला. भोवते नारिंगी जाळीचे कुंपण, आणि कुंपणाकाठी मानकरी उभे. त्या शहरी कामकाजातून मोकळे जाहलेले पुरुष खड्डा दिसला की हात पाठीमागे बांधोन पाहात उभे राहतात, हा जुना शिरस्ता. पुढले जागी ओरियानो मासेत्ती. हा त्याच कारखान्यात लेथवर होता आणि कामगार संघटनेचा म्होरक्या, चौतीस वर्षे साहेबांचा हाडवैरी. त्याचे डावे अंगी नेरियो, पूर्वी बस हाकीत असे. जाळी फाटोन तळ दिसे ऐशी जागा दोघांपुरतीच होती, आणि ती दोघांचे ताब्यात होती.

आता कुंपणाचा कायदा ऐसा: हात मागे, कामकऱ्यांशी आपणहोन बोलू नये, टीका आपापसांत करावी आणि तीही मान हलवोन. साहेबांस हा कायदा ठाऊक नव्हता. ते कमरेवर हात ठेवोन थेट जाळीपाशी गेले आणि खड्ड्यातील मुकादम रोक्को यास जाब पुसते जाहले:

"या बाजूनं खणायचं कोणी ठरवलं?"

रोक्कोने मान वर केली. "तुम्ही पालिकेचे का?"

"नाही."

"मग मागं व्हा, आजोबा. माती ढासळते."

बाराशे गोळ्यांचे धनी, त्यांस भर चौकात आजोबा म्हटले. नेरियोने तोंड फिरवोन खोकला काढिला. ओरियानो मागे न पाहता म्हणाला, "इंजिनेरसाहेब, इथं हुकूम चालत नाही. इथं मान हलवायची असते. शिकाल हळूहळू." मग साहेब माघार घेऊन रिकाम्या काचेच्या बाटल्या टाकावयाची पालिकेची मोठी पेटी होती, तिच्या मागे गेले. तेथोन खोदयंत्राचे ढुंगण तेवढे दिसे. पहिले दिवसाची लढाई येथे सरली. शिकस्त.

बुधवारी मुत्सद्देगिरीचा अंमल केला. रात्रभर बसोन कुंपणाचे जागेची पाळीपत्रिका तयार केली होती, माणशी बारा मिनिटे, बदलीस वीस सेकंद, उंच माणूस मागे, आणि ती रंगीत छापोन आणिली. नेरियोने चष्मा लावोन वाचिली.

"लघवीला गेलो तर पाळी बुडते का हो?"

"राखीव मिनिटं धरली आहेत. खाली टीप बघा."

"आहे की," नेरियो आदराने म्हणाला.

ओरियानोने कागदाची घडी केली. "हे असं परस्पर चालत नाही. सभा घ्यावी लागेल." आणि खरोखरच कोपऱ्यावरील कॉफीचे दुकानी सभा बोलाविली, आणि पाच मानकऱ्यांनी अर्धा तास चर्चा करोन प्रस्ताव एकमते फेटाळिला. साहेबांस मत नव्हते. सभासदत्वास जागा लागते, आणि जागा नव्हती. दुसरी शिकस्त.

गुरुवारी साहेब कागद न घेता आले, आणि गळपट्टाही घरी राहिला, आणि पेटीमागे मुकाट उभे राहिले. तों दहाचे सुमारास खड्ड्यात पाणी भरो लागले, आणि पंप दोनदा खाकरोन बंद पडला. रोक्कोने त्यास लाथ मारिली, नंतर शिव्या दिधल्या, नंतर डोके खाजविले. मानकऱ्यांत तट पडले. कोणी म्हणे हवा अडली, कोणी म्हणे गाळ. अखेर न राहवोन सगळ्यांच्या माना पेटीकडे वळल्या, कारण उभा जन्म यंत्रांत घातलेला किताबवाला तेथे तोच होता. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो क्षण हाच.

"काय झालं असेल, इंजिनेरसाहेब?" नेरियोने विचारिले.

साहेबांनी तोंड उघडिले आणि मिटिले आणि पुन्हा उघडिले.

"माहीत नाही," म्हणाले.

ओरियानो प्रथमच मागे वळला. "काय म्हणालात?"

"माहीत नाही म्हणालो. पंप माझा विषय नव्हे. इथून दिसतही नाही."

मग ओरियानो सावकाश बोलता जाहला, "आणि चौऱ्याण्णव साली? तिसरं खातं बंद केलंत, दोन खात्यांत भागेल म्हणालात. तेव्हा माहीत होतं?"

"नव्हतं. माहीत आहे असं म्हणालो."

"भागलं?"

"नाही. तुम्ही म्हणत होतात तेच खरं निघालं. सप्टेंबरात कळलं मला."

"मग तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"सप्टेंबरात तुम्ही संपावर होतात. माझ्याशी बोलत नव्हतात."

ओरियानोने हे तोलोन पाहिले. त्या खात्यात त्याचा धाकटा भाऊ होता, आणि तो मग मोदेनास फरश्यांचे कारखान्यात गेला, आणि दर रविवारी जेवणाचे पानावर ती गोष्ट निघत असे. तीस वर्षे. खाली रोक्कोने पंपाची नळी सोडवोन चिखलाचा गोळा काढिला, आणि पंप धडधडो लागला, आणि कोणी तिकडे पाहिले नाही.

"रविवारी भावाला सांगतो," ओरियानो म्हणाला. "विश्वास ठेवायचा नाही तो. फोनवर बोलाल त्याच्याशी?"

"बोलेन."

मग ओरियानो उजवीकडे सरकला आणि नेरियो डावीकडे, आणि मधे दीड वीत रुंदीचा मुलूख मोकळा जाहला.

"या पुढं. मागून काय दिसणार कपाळ. पण हात मागे बांधा, मारामारीला आल्यासारखे उभे राहू नका."

साहेबांनी हात मागे बांधिले आणि जाळीतोन पाहिले. नवा नळ निळा होता. मग ओरियानोने हनुवटीने खाली दाखवोन पुसिले, "तो सांधा. तुम्हाला काय वाटतं?"

साहेबांनी सांधा न्याहाळिला, घाई केली नाही, मान डावीकडोन उजवीकडे एकवार हलविली, आणि म्हणाले, "मी असतो तर जरा वेगळं केलं असतं."

"तेच म्हणतोय मी," ओरियानो म्हणाला.

येणेप्रमाणे मार्च महिन्याचे दुसरे गुरुवारी, दिवसा अकरा वाजता, इंजिनेर तुन्योली यांनी कुंपणाकाठी दीड वीत जागा, तळाचे संपूर्ण दर्शनासह, वंशपरंपरा नव्हे परंतु हयातभर, तहाने संपादिली. साक्षीस नेरियो. मुकादम रोक्को यांनी वर पाहोन हात केला, तो मुजरा समजावा. वर्तमान घरी पोचतां लोरेदानाबाईंनी नाचवर्गातील नाव खारीज केले, आणि स्वारीस रश्शाची दुसरी वाढणी दिधली, आणि साहेबांनी तो किती वेळ शिजला हे विचारिले नाही. फत्ते जाहली.

शुक्रवारी दुपारी नळाचे काम संपले. रोक्कोच्या माणसांनी खड्डा बुजविला, वर डांबर घातले, आणि जाळी गुंडाळून टेम्पोत टाकून नेली.