शेवाळाच्या बीजाणूंची शिस्त

निसर्गात विविधता अफाट आहे, पण तक्त्यात रकाने चारच आहेत. म्हणून समजूतदार माणसाने नेहमी तक्त्याच्या बाजूने राहावं.

आमचं संशोधन केंद्र याच तत्त्वावर उभं आहे. शेवाळाचे बीजाणू नुसत्या डोळ्यांना धुळीसारखे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की कुणाच्या अंगावर पुळ्या, कुणाच्या काटे, कुणावर जाळी, तर कुणी अगदी गुळगुळीत. एका जातीला एकाच रकान्यात खूण करायची, की झालं विज्ञान. गेल्या वर्षी ३१२ जाती तपासल्या. ३११ तक्त्याशी तंतोतंत जुळल्या. उरलेल्या एकीचा नमुना हरवला. (जुळत नाही तोवर तो सापडू नये, असा ठराव आहे.)

आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ तर आधी खूण करतात, मग भिंग पुसतात. "बघत बसलं की गोंधळ होतो गं," असं ते मायेने समजावतात. त्यांची एकही चूक आजवर कुणाला दिसलेली नाही.

नवी तंत्रज्ञ मात्र बघायची. बारा जातींच्या नोंदी पूर्ण झाल्या की तिची नोकरी कायम होणार होती. घरी दहा महिन्यांचं बाळ. रोज सकाळी त्याच्या मुठीतून आपलं बोट हळूच सोडवायचं, त्याला सासूबाईंच्या कुशीत सरकवायचं आणि धावत सुटायचं. अकरा नोंदी झाल्या. बाराव्या जातीच्या एकाच बोंडीतले, म्हणजे एकाच बीजाणू-पिशवीतले काही बीजाणू पुळ्यांचे निघाले, काही गुळगुळीत. तिने दोन खुणा केल्या.

"बाई, एक काय ते ठरवा," केंद्राचे साहेब म्हणाले.

"साहेब, एका पोटची पोरं तरी सारखी असतात का?"

"पोरांचा तक्ता आपल्याकडे नाही. उद्या नोंदी तपासायला समिती येणार आहे. एक खूण खोडा."

"आणि दोन्ही खऱ्या असल्या तर?"

"तर तुमची खुर्ची रिकामी."

तिने पुन्हा एकदा भिंगातून पाहिलं. (इथेच तिचं चुकलं.) खुणा दोनच राहिल्या आणि खुर्ची रिकामी झाली. त्या खुर्चीवर ज्येष्ठ तंत्रज्ञांची भाची बसली. पोरगी फार चटपटीत. नमुन्याची डबी न उघडताच 'पुळीदार' लिहून मोकळी झाली. समितीने तिच्या नजरेचं कौतुक केलं.

आता ती जात शाळेच्या पुस्तकात आली आहे. योग्य उत्तर: पुळीदार. उद्या तुमच्या मुलीने खरंच भिंगाला डोळा लावला आणि वहीत 'दोन्ही' असं लिहिलं, तर घाबरू नका, समिती बोलवावी लागणार नाही. तुम्हीच खोडरबर पुढे कराल आणि म्हणाल, "पुस्तकात आहे तेच लिही ना, कशाला डोकं चालवतेस?"