आवाज पोचेल तिथवर

सार्वजनिक म्हणजे सर्वांचे, एवढे कळायला व्याकरण पुरते. त्यातले कोणाला किती द्यायचे, हे ठरवायला मात्र कमिटी लागते. किहीमच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावच्या सार्वजनिक हायस्कुलाला अशी कमिटी लाभली होती. तिच्या कृपेने विद्यार्थ्यांना इंग्रजी, बीजगणित, संस्कृत किंवा फारशी, अधूनमधून कवायत आणि पृथ्वीचा एक गोल (हात लागून मळू नये म्हणून कपाटात) एवढे मिळत असे. इंग्रजी पाचवीतल्या धर्माला याखेरीज समुद्रावरची मोकळी हवाही मिळे. कारण तो महारवाड्यातून येई आणि त्याला बाहेर ओटीवर बसवलेले होते. इतर मुलांना तीच हवा खिडकीतून, म्हणजे धर्माची वापरून झाल्यावर मिळे. पण त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

नजमुद्दीन मास्तर या वर्गाला भूगोल शिकवायचे. त्यांचे वडील गलबतावर तांडेल होते. वादळात डोलकाठीवरच्या माणसाला हाक ऐकू जावी असा त्या घराण्याचा आवाज. मास्तर हिमालयावर चढले की कौलांवरचे कावळे उडत. धर्माही ओटीवरून तेवढ्याच जोराने उत्तरे देई. हा पोरगा मॅट्रिक होणार, असे मास्तरांना वाटे. असे वाटण्याला शाळेच्या नियमांत बंदी नव्हती.

मग मुंबईहून हुकूम आला: सगळी मुले एकाच वर्गात बसवा, नाहीतर ग्रँट बंद. कमिटीने हुकमाचे मनापासून स्वागत केले. आता धर्माला आत घ्यावे, किंवा वर्ग बाहेर न्यावा. दोन्ही गोष्टी संस्कृतीला धरून नव्हत्या. तेव्हा कमिटीतल्या वकीलसाहेबांनी ठराव मांडला: 'वर्ग म्हणजे चार भिंती नव्हेत. शिक्षकाचा आवाज पोचेल तिथवर वर्ग.' ठराव मंजूर झाला आणि धर्मा जागचा न हलता वर्गात आला. पेढे वाटले. (धर्मालाही मिळाला. वरून.)

शाळेच्या कुंपणापलीकडे ठमाबाई कोळणीची केसर रोज बोंबील वाळत घालायची. मराठी शाळा संपवून ती घरी बसली होती. ठराव मुलांना वाचून दाखवायचे काम नजमुद्दीन मास्तरांकडे होते, त्यामुळे तो केसरलाही कळला. दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन हेडमास्तरांसमोर उभी राहिली.

"मास्तरांचा आवाज पार आमच्या बोंबलांवर येतो," ती म्हणाली. "म्हंजे मी पन वर्गान हाय. मंग माना परीक्षेला बसवा."

"असं वाटेल त्याला बसवता येत नाही, पोरी."

"गंगेच्या उपनद्या सांगू?"

तिने सांगितल्या. एक चुकली, पण पाचवीत सगळ्या कोणालाच येत नसत.

"फुकट नाय आयकलं तिनं," ठमाबाई म्हणाली. "तुमच्या मास्तरांपायी आमच्या घरात कोन काय बोलतं ते आयकू येत नाय."

कमिटी पुन्हा बसली. ठराव मुंबईला गेला होता, तो मागे घेता येईना. वर्ग लहान करता येत नव्हता. पण आवाज लहान करता येत होता. मास्तरांना समज मिळाली, की यापुढे आवाज कुंपणाच्या आत ठेवावा. त्यांनी आवाज खाली आणला. तरी वारा तो पलीकडे नेई. (वारा कमिटीचा सभासद नव्हता.) आणखी खाली आणला.

"मास्तर, आयकू येत न्हाय!" धर्मा ओटीवरून ओरडला.

दुसऱ्या दिवशीही ओरडला. मग तो बोलेनासा झाला. नुसता खिडकीच्या गजांना कान लावून बसू लागला. मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवू लागले, म्हणजे तो कान दिसत नसे.

हळूहळू मागच्या बाकांनाही ऐकू येईना. ती मुले सुखाने पेंगू लागली. अलिबागहून तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा दिला, की एवढी शिस्त जिल्ह्यात पाहिली नाही. ग्रँट वाढली. पहिल्या बाकावर वकीलसाहेबांचा, खोतांचा आणि डॉक्टरांचा मुलगा बसे. त्यांना सगळे स्पष्ट ऐकू येई, म्हणून शिक्षणाचा दर्जा टिकून असल्याची कमिटीची खात्री होती.

मास्तर घरीही कुजबुजू लागले. एकदा जेवताना त्यांची बायको रहिमुन्निसा म्हणाली, "घरात तरी बोला की. का आम्हीपण कुंपणाबाहेरचे?"



सकाळी शाळेत मास्तरांनी खुर्ची उचलली, दाराच्या उंबऱ्यात ठेवली आणि ओटीकडे तोंड करून बसले. आवाज तेवढाच, कुजबुजता, हुकमाप्रमाणे. धर्मा सरकून पुढे आला. थोड्या वेळाने केसर कुंपणाच्या फटीतून आत शिरली आणि ओटीच्या कडेला टेकली.

"सर, ऐकू येत नाही!" आतून वकीलसाहेबांचा मुलगा ओरडला.

मास्तर वळले नाहीत. "मग बाळ, तू वर्गात नाहीस. ठराव आहे." आणि त्यांनी पहिल्या बाकाची गैरहजेरी लावली.

कमिटी त्या दिवशी जेवणाआधी जमली. हे तिच्या इतिहासात प्रथमच घडले. "मुलांचं नुकसान म्हणजे काय, कळतं का तुम्हाला?" वकीलसाहेब म्हणाले.

"कळतं, साहेब," मास्तर म्हणाले. तेही जुन्या आवाजात. पलीकडे केसरचे बोंबील उलटणारे हात थांबले.

मास्तरांना निरोप देण्यात आला आणि त्यांच्या जागी एक दमेकरी गृहस्थ नेमले. मास्तर तळा गावी भावाच्या दुकानात बसू लागले. धर्मा त्यांच्यामागोमाग गेला, तिथे त्यांच्याजवळ शिकला आणि बाहेरून बसून मॅट्रिक झाला. शाळेने त्याचे नाव अभिमानाने भिंतीवर रंगवले (भिंतीच्या बाहेरच्या अंगाला). केसरचे लग्न झाले. चुकलेली उपनदी तिने मागाहून पाठ केली होती, पण सासरी कोणी विचारली नाही.

वाचकांना ही हकीकत अतिशयोक्तीची वाटेल. साहजिक आहे, आपणही शाळेत गेला आहात. आपल्या वर्गाच्या खिडकीबाहेर कोण होते, ते जरा आठवून पाहा. आठवत नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. आपण पहिल्या बाकावर होतात.